हेडलाइट मंद झालेत? बल्ब विकत घेण्याआधी एवढं तपासा

रात्री समोरचं नीट दिसेनासं झालं, की बहुतेक जण आधी बल्ब बदलतात. दुकानदार निळसर काचेचा 'सुपर व्हाइट' नाहीतर जास्त वॅटचा '१००/९०' काउंटरवर ठेवतो, आठवडाभर बरं वाटतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. अशा वेळी बल्ब अनेकदा निर्दोष असतो. उजेड हरवतो तो बॅटरीपासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवर दुसरीकडेच: गंजलेल्या अर्थिंगमध्ये (वीज परत नेणाऱ्या, बॉडीला आवळलेल्या वायरमध्ये), करपलेल्या होल्डरमध्ये, पिवळ्या पडलेल्या काचेत नाहीतर खाली झुकलेल्या फोकसमध्ये. तो नेमका कुठे हरवतोय हे घरच्या घरी शोधता येतं. त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही.

हे आग्रहाने सांगण्याचं कारण आपले रस्ते. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीच्या हंगामात मागे दिवा तर सोडाच, साधा लाल रिफ्लेक्टरही नसलेली ट्रॉली अंधारात पुढे चाललेली असते. पावसाळ्यात आंबा किंवा ताम्हिणी घाटात रस्त्याची पांढरी पट्टीच काय ती सोबत असते. तिथे उजेड एक तृतीयांशाने कमी असणं म्हणजे ट्रॉली दिसणं आणि न दिसणं एवढा फरक. आणि हेडलाइट हळूहळू मंद होतात, त्यामुळे रोज गाडी चालवणाऱ्याच्या ते सगळ्यात उशिरा लक्षात येतं.

हा लेख हॅलोजन बल्बच्या गाड्यांसाठी आहे. ऑल्टो, वॅगनआर, सँट्रो अशा गाड्यांत एकाच बल्बमध्ये अप्पर (लांबचा झोत) आणि डिपर (खालचा, जवळचा झोत) दोन्ही देणारा एच-४ बल्ब असतो, १२ व्होल्ट ६०/५५ वॅटचा. अप्परची तार ६० वॅटची, डिपरची ५५. कंपनीनेच दिलेले एलईडी हेडलाइट असतील तर त्यात घरी करण्यासारखं फार नाही. काच आणि फोकस यांचा भाग तेवढा वाचा.

आधी नुसती पाहणी

अवजारं नंतर. आधी डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली, ० ते ३ किंवा ४ आकड्यांची छोटी चक्री आहे का बघा. हेडलाइटचा झोत वरखाली करण्याची ही चक्री. ० म्हणजे झोत सगळ्यात वर, ३ म्हणजे खाली. मागे माणसं आणि डिकीत ओझं असताना गाडीचं नाक वर जातं, त्यासाठी ती दिलेली असते. गाडी धुताना कुणाचा तरी हात लागून ती ३ वर जाते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते. अशा गाडीत फक्त चक्री ० वर आणून मालकाचा प्रश्न सुटल्याचं मी पाहिलं आहे.

मग पुढची काच आतून पुसा. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या वाफेचा पातळ तेलकट थर आतून साचतो. तो दिवसा दिसत नाही आणि रात्री समोरच्या गाडीचा उजेड काचभर पसरवतो. हेडलाइटवरचा चिखल आणि किडेही काढा.

आता संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, डिपर लावा आणि लक्षणं बघा. रोग कुठे आहे त्याचा अंदाज इथेच येतो.

दोन्ही दिवे सारखेच मंद आणि इंजिन रेस केलं की उजळतात: बॅटरी, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा त्याचा पट्टा. रेस केल्यावर पट्टा किंचाळत असेल तर तो ढिला झालाय.

दोन्ही मंद, पण रेस करून काही फरक नाही: वायरिंगमध्ये होणारी गळती (म्हणजे वाटेत हरवणारं व्होल्टेज), हेडलाइटची काच किंवा जुने बल्ब.

एकच दिवा मंद: त्या बाजूचं अर्थिंग, त्या बाजूचा होल्डर किंवा तो बल्ब. दोन्ही बाजूंचे बल्ब आपापसात बदलून पाहा. मंदपणा बल्बाबरोबर दुसरीकडे गेला तर दोष बल्बचा, जागेवरच राहिला तर वायरिंगचा किंवा बल्बमागच्या चंदेरी वाटीचा, म्हणजे रिफ्लेक्टरचा.

डिपर लावला तरी एका बाजूच्या बल्बातल्या दोन्ही तारा तांबूस पेटतात: हे बहुतेक वेळा अर्थिंगचं लक्षण. विजेला परतीची सरळ वाट मिळत नाही, म्हणून ती दुसऱ्या तारेतून वळसा घालून जाते.

दिवा लुकलुकतो: लूज कनेक्शन.

फ्यूजकडे फार वेळ घालवू नका. फ्यूज उडाला तर दिवा बंद पडतो, मंद पडत नाही.

मीटर हातात घ्या

तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो. या पूर्ण लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो: हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कमी होतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. एच-४ बल्बचा ठरलेला उजेड, म्हणजे डिपरला सुमारे १००० ल्यूमेन (उजेड मोजण्याचं एकक) आणि अप्परला १६५०, हा मोजतात तो १३.२ व्होल्टवर. खोक्यावर १२ व्होल्ट लिहिलंय म्हणून बल्बला १२ मिळाले की झालं, हा समज चुकीचा आहे. १२ व्होल्टवर त्याच बल्बचा पाव हिस्सा उजेड गेलेला असतो.

मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवा आणि या क्रमाने मोजा.

पहिलं माप बॅटरीचं. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी, चावी लावण्याआधी, बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ च्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे बॅटरी अर्धी उतरली आहे. मग गाडी सुरू करा, हेडलाइट लावा, पुन्हा मोजा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ यायला हवेत. १३ च्या खाली राहत असेल तर पुढचं काही करू नका, आधी अल्टरनेटर आणि पट्टा बघून घ्या. (इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर स्वतःच कमी-जास्त चार्ज करतो अशा नव्या गाड्यांत हा आकडा हलता असतो. तिथे एका मापावरून निष्कर्ष काढू नका.) बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने साफ करा, टोकं घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

दुसरं माप बल्बचं. इथे नवख्यांची फसगत होते. होल्डर बल्बपासून काढून मोजलंत तर मीटर हटकून पूर्ण १४ दाखवतो आणि वाटतं वायरिंग ठणठणीत आहे. प्रवाह वाहत नसताना गळती दिसतच नाही. शेतातल्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बंद असला की शेवटच्या टोकालाही पूर्ण दाब दिसतो. पाणी सोडल्यावर कळतं की पाइप कुठे तुंबलाय. म्हणून होल्डर बल्बलाच लावलेला, दिवा पेटलेला आणि इंजिन चालू ठेवा. मीटरच्या बारीक टोकाने होल्डरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत शिरते तिथून, आतल्या पत्र्याला स्पर्श करा. एक टोक डिपरच्या पिनवर, दुसरं अप्पर-डिपर दोन्हींच्या सामाईक पिनवर. बॉडीला टोक लावून मोजू नका, कारण अनेक जपानी घडणीच्या गाड्यांत सामाईक पिन पॉझिटिव्ह असते आणि स्विच अर्थिंगच्या बाजूने चालतो. पंख्याच्या पात्यांपासून हात आणि बाह्या लांब ठेवा.

समजा बॅटरीवर १४.० आणि बल्बवर १२.४ मिळाले. म्हणजे १.६ व्होल्ट वाटेत गेले. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब केला तर बल्बचा एक तृतीयांश उजेड त्यातच गेला. दोन्ही आकड्यांत अर्ध्या-पाऊण व्होल्टाचा फरक असेल तर वायरिंग चांगलं आहे, पुढे काचेकडे वळा. त्याहून जास्त असेल तर गळती पॉझिटिव्हला आहे की अर्थला, ते वेगळं काढायचं.

त्यासाठी दिवा पेटलेला ठेवूनच मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं बल्बच्या पॉझिटिव्ह पिनवर लावा. जो आकडा येईल ती पॉझिटिव्ह बाजूची गळती. तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून बल्बच्या निगेटिव्ह पिनपर्यंत मोजा. दोन्ही आकड्यांची बेरीज मघाच्या फरकाएवढी यायला हवी. आली, तर माप बरोबर घेतलंय. निगेटिव्ह बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की अर्थिंग संशयित.

गळती बंद करणं

अर्थिंगचं काम सगळ्यात सोपं आणि फुकटातलं. हेडलाइटच्या आसपास बॉडीच्या पत्र्यावर बोल्टने आवळलेली वायर शोधा, बहुधा काळी असते. बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा, मग तो बोल्ट सोडा, वायरची रिंग आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस फिरवा. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा खाऱ्या हवेच्या पट्ट्यात हे काम दर पावसाळ्यानंतर करण्यासारखं आहे. तिथे पत्रा आणि तांब्याच्या मधला गंज वरून दिसतही नाही. बोल्ट सोडल्यावरच त्याची पावडर खाली पडते.

पॉझिटिव्ह बाजूला आधी होल्डर बघा. प्लास्टिक तपकिरी झालंय, पिनेची जागा वितळून वाकडी झालीय, पत्र्यावर काळा थर आहे, तर तो होल्डर बदलायचा. घासून पुन्हा वापरू नका, कारण आतली पकड सैल झालेली असते आणि सैल जागाच तापते. बाजारात सिरॅमिक होल्डर मिळतात, उष्णतेला तेच चांगले. वायर नुसत्या पीळ मारून टेपने गुंडाळू नका, नीट क्रिंप किंवा सोल्डर करून घ्या.

होल्डर चांगला असूनही एक-दीड व्होल्ट जात असतील तर तुमच्या गाडीत हेडलाइटला रिले (छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह सोडणारा स्विच) नाही, असं असू शकतं. जुन्या लहान गाड्यांत दोन्ही बल्बचा सगळा प्रवाह, डिपरवर सुमारे ९ अँपिअर, बारीक वायरमधून स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जाऊन परत पुढे येतो. स्विचमधले संपर्क झिजतात, तापतात. दिवे लावल्यावर स्विचची दांडी कोमट लागत असेल तर हेच कारण. उपाय म्हणजे रिले किट: दोन रिले, एक अप्परचा आणि एक डिपरचा, फ्यूज आणि जाड वायर. बॅटरीवरून २.५ चौरस मिमीची वायर फ्यूजमधून रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला येते, ८७ वरून बल्बला जाते, आणि गाडीचा मूळ कपलर (आधी बल्बला लागणारा प्लग) ८५-८६ या पिनांना फक्त इशारा देतो. स्विचवरचा भार जवळजवळ संपतो आणि बल्बला बॅटरीएवढं व्होल्टेज मिळतं. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असलाच पाहिजे, नाहीतर वायर कुठे घासली तर आग लागेल. हे काम पहिल्यांदा करत असाल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि बसवताना शेजारी उभे राहा. गाडी वॉरंटीत असेल किंवा नवी कॉम्प्युटरवाली असेल तर वायरिंगला हात लावू नका. तिच्यात बहुधा रिले आधीच असतो.

बल्ब

बल्बची काच काळवंडली असेल किंवा बल्ब बरीच वर्षं जुना असेल तर जरूर बदला, पण दोन्ही एकदम. मूळ वॅटचाच, म्हणजे ६०/५५, नावाजलेल्या कंपनीचा साधा पारदर्शक बल्ब घ्या. निळ्या लेपाचा बल्ब पांढराशुभ्र दिसतो, कारण तो उजेडातला पिवळा भाग गाळून टाकतो. म्हणजे रस्त्यावर पोचणारा उजेड कमीच होतो. ओल्या डांबरावर हा फरक लगेच जाणवतो. १००/९० चा बल्ब डिपरवरच दोन्ही मिळून १५ अँपिअर ओढतो. त्याने होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरचा चंदेरी थर करपतो. हा थर ॲल्युमिनियमचा, अतिशय पातळ असतो. एकदा गेला की परत येत नाही, आणि फडक्याने पुसायला जाल तर फडक्याबरोबरच निघून येतो. रिफ्लेक्टर करपला असेल तर पूर्ण असेंब्ली बदलणं एवढाच मार्ग उरतो.

बसवताना दिवा बंद करून बल्ब थंड होऊ द्या. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. त्वचेचं तेल तापून काच तिथे कमजोर होते. लागलंच तर स्पिरिटने पुसा. बल्बच्या कडेच्या तीन जिभा खाचांत बरोबर बसल्या पाहिजेत, किंचित तिरका बसला तरी झोत आकाशात जातो. मागचं रबरी बूट सगळीकडून दाबून बसवा. हेडलाइटमध्ये पाणी साचण्याच्या तक्रारी बल्ब बदलल्यानंतरच जास्त येतात, त्या या रबरामुळे. गाडी धुतल्यावर आतून धुकं धरून दिवा लावल्यावर थोड्या वेळात जात असेल तर ते चालतं. तळाशी पाणी डुचमळत असेल तर ते चालत नाही.

पिवळी काच

जुन्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या हेडलाइटला खरी काच होती, ती पिवळी पडत नसे. आताची 'काच' पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते. तिच्यावर ऊन्हापासून जपणारा एक थर दिलेला असतो. तो थर उन्हाने आणि धुळीने गेला की प्लास्टिक पिवळं, दुधाळ होतं. सोसायटीत सावली नसलेल्या जागी उभी राहणारी गाडी लवकर पिवळी पडते.

काच ओल्या फडक्याने पुसा. ओली असताना स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर दोष बाहेरच्या बाजूला आहे आणि पॉलिशने जाईल. ओली असूनही धुरकट असेल, आतून धूसर असेल किंवा प्लास्टिकमध्ये बारीक तडे असतील तर मेहनत वाया जाईल.

सावलीत बसा, काम दोन तासांचं आहे. हेडलाइटच्या भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून आडवा घासा. काच पूर्ण दुधाळ होईल, घाबरू नका, तसंच व्हायला हवं. पिवळं पाणी निघायचं थांबून पांढरं येऊ लागलं की १५०० चा पेपर घ्या आणि उभा घासा, मग २००० आडवा, शेवटी ३००० उभा. दर वेळी दिशा बदलल्याने आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. पाणी सतत सोडत राहा. घाई १००० वर होते आणि ती पुढे लपत नाही, म्हणून पहिल्या पेपरलाच सगळ्यात जास्त वेळ द्या. शेवटी पॉलिशिंग कंपाउंड आणि फोमचं पॅड. ड्रिलवर लावणार असाल तर वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका, प्लास्टिक जळतं.

इथे बहुतेक जण थांबतात. काच काचेसारखी दिसते, फोटो निघतात, आणि काही महिन्यांत ती पुन्हा पिवळी. कारण मूळचा संरक्षक थर तुम्हीच घासून काढला आहे. त्याच दिवशी अतिनील किरणांपासून जपणारा क्लिअर कोट लावणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. स्प्रे मारायचा तर मोकळ्या हवेत, मास्क लावून. टूथपेस्टने घासलं तर थोडे दिवस चमक येते, पण डास पळवण्याचा स्प्रे काचेवर मुळीच मारू नका. त्यातलं रसायन प्लास्टिकच विरघळवतं.

फोकस

हे सगळं झाल्यावरच फोकस लावा. टायरची हवा बरोबर, गाडी सपाट जागी, ड्रायव्हरच्या जागी एक माणूस, चक्री ० वर. गाडीचं नाक भिंतीपासून ५ मीटरवर. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर टेपची आडवी पट्टी चिकटवा. डिपर लावा. उजेडाची वरची कड स्पष्ट दिसेल: उजवीकडे सपाट आणि डावीकडे तिरकी वर चढणारी, म्हणजे आपल्या कडेची झाडं आणि माणसं दिसावीत आणि समोरच्याचे डोळे वाचावेत. सपाट कड टेपच्या ५ सेंटीमीटर खाली हवी, म्हणजे १ टक्का उतार. अनेक हेडलाइटच्या मागच्या भागावर टक्क्यांचा आकडा छापलेला असतो. तो वेगळा असेल तर त्याचंच ऐका. मागच्या बाजूला दोन स्क्रू किंवा पांढऱ्या चक्र्या असतात, एक वरखाली, एक डावी-उजवी. फिरवण्याआधी दोन्हींवर मार्करने खूण करा आणि अर्धा-अर्धा फेरा फिरवत जा. मग रस्त्यावर काढून पाहा. समोरचे डिपर मारत असतील तर झोत अजून खाली घ्या.

एलईडीचं काय?

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब घालू नका. हॅलोजनची तार जिथे जळते, बरोबर त्या बिंदूभोवती तो रिफ्लेक्टर घडवलेला असतो. एलईडीच्या चिप वेगळ्या जागी, वेगळ्या आकारात बसतात. मग गाडीच्या पुढ्यातला तुकडा झगझगीत दिसतो, लांबचा रस्ता काळाच राहतो आणि समोरून येणारा दुचाकीस्वार आंधळा होतो. शिवाय गाडीत असे बदल करणं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतं. पूर्ण व्होल्टेज मिळालेला साधा ६०/५५, स्वच्छ काच आणि नीट लावलेला फोकस घाटातही पुरेसा पडतो. मी तरी त्यापुढे जाण्याची गरज मानत नाही.

भिंतीवर झोत लख्ख पडतोय, व्होल्टेज पूर्ण आहे, तरीही रात्री दिसायला त्रास होतोय, समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसताहेत, तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या आणि मोतीबिंदू आहे का ते नेत्रतज्ज्ञांना विचारा. घरातली ज्येष्ठ मंडळी गाडी चालवत असतील तर त्यांना तुम्हीच घेऊन जा.